नाकापुढचं सूत

१० जानेवारी १९७१

औषध कंपनीचा माणूस दरवर्षी एक डायरी देतो आणि दरवर्षी इंदू तीत लोणच्याच्या कृती उतरवून ठेवते. यंदा तिच्या हाती लागायच्या आत मी पळवली. 'तुम्ही काय लिहिणार कपाळ?' म्हणाली. पंचवीस वर्षं संसार केलेल्या बायकोला आपल्या नवऱ्याच्या डोक्यात काही चालत असेल असं वाटतच नाही.

लिहिण्याजोगं माझ्याकडे खरंच फार नाही. मी भूल देणारा डॉक्टर. ऑपरेशन विश्वनाथ करतो, नाव त्याचं होतं, पेशंट जागा झाल्यावर पाया त्याच्या पडतो. मला पेशंट विसरलेलाच असतो. मला ते आवडतं. लोकांना झोपेच्या दारापर्यंत सोडायचं, झोपेत त्यांच्या उशाशी बसायचं आणि हलक्या हातानं परत आणायचं. ईथरचा वास कपड्यांना असतोच. तो घेऊन घरी आलो की इंदू म्हणते, तुम्ही अर्धे झोपेतच असता.

गेल्या वर्षी छातीचा क्षय निघाला तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनची नव्वद इंजेक्शनं टोचून घेतली. आता छातीचा फोटो स्वच्छ आहे. तेव्हापासून मात्र जग कसं निवांत वाटतं. थंडी चांगली पडली आहे, सकाळी अंगणात धुकं असतं, रस्त्यावरच्या सायकली धुक्यातून काही आवाज न करता येतात आणि जातात. कुंपणाच्या मेंदीत यंदा रातकिडे फार झालेत. दिवसाढवळ्यासुद्धा गातात. मी इंदूला म्हटलं तर म्हणाली, कुठे? तिचं लक्ष नसतं.

२१ जानेवारी

उमरेडहून पंचफुला नावाची बाई आली आहे. कोष्ट्यांचं घर. नवरा शालिकराम मागावर बसतो, ही ताण्याचं उभं सूत लावून देते. सोबत दहा वर्षांची मुलगी, गोपिका. मुलीचा खालचा जबडा जन्मापासून बोटभर लहान आणि कानाजवळचे सांधे हाडानं जुळलेले. तोंड उघडतच नाही. वरच्या-खालच्या दातांमधून काडेपेटीची काडी जाईल एवढीच फट. दहा वर्षं या पोरीनं आंबील, वरणाचं पाणी आणि कुस्करलेलं केळं यांवर काढली. बोलते ती दात मिटून. आईशिवाय कोणाला कळत नाही. लोक म्हणतात 'पुन्हा बोल', आणि ती पुन्हा बोलते, न चिडता, हात हलवत. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा आईनं सांगितलं, 'थे तुमचं नाव विचारून राह्यली जी.'

गेल्या पावसाळ्यात तापात उलटी झाली, ती तोंडातून बाहेर येईना. पोरगी आईच्या मांडीवर काळीनिळी पडली होती. पंचफुलानं उलटं धरून पाठीत बुक्के मारले म्हणून वाचली. दुसऱ्यांदा वाचेलच असं नाही. म्हणून ऑपरेशन.

विश्वनाथला कानापुढचं हाड कापून जबडा मोकळा करायचा आहे. त्याचं काम अवघड आहे, पण डोळ्यांना दिसणारं आहे. माझं दिसत नाही. एरवी मी तोंड उघडून, दिवा आत घालून, श्वासाची वाट बघतो आणि तीत नळी सरकवतो. इथे दारच बंद. मग नाकातून जायचं, आंधळेपणानं. मुलीला ईथरखाली झोपवायचं पण श्वास तिचा तिनंच घ्यायचा. नळीच्या बाहेरच्या टोकाला आपला कान लावायचा. आतून येणारा श्वास मोठा ऐकू आला म्हणजे वाट बरोबर, आवाज मंदावला म्हणजे कुठे अडलो, एकदम थांबला म्हणजे अन्ननळीत शिरलो. त्या आवाजाच्या मागे मागे जायचं.

विश्वनाथ वॉर्डात सगळ्यांसमोर म्हणाला, 'आपल्या मधुकरच्या कानाला मुंगीचा श्वास ऐकू येतो बे, काहून काळजी करता?' प्रेमिला तेवढी हसली नाही. ही माझ्या हाताखालची डॉक्टर, अकोल्याची. दोन वर्षं माझ्याजवळ शिकते आहे, हुशार आहे, पण जरा गंभीर स्वभावाची.

२ फेब्रुवारी

आज गोपिकाची केस. झाली नाही.

सगळं लिहितो, कारण झोप येणार नाही.

ईथर छान चढलं. छाती एका लयीत वरखाली होत होती. नाकात थेंब टाकून लाल रबरी नळी सरकवली, कान लावला. काही नाही. मान थोडी वळवली, नळी थोडी पुढे, पुन्हा कान. काही नाही. म्हणजे अन्ननळी. काढली. पुन्हा घातली. प्रेमिला मास्कच्या मागे काहीतरी पुटपुटली. हल्लीची मुलं स्पष्ट बोलतच नाहीत. मी 'काय?' म्हटलं तर तिनं विश्वनाथकडे बघितलं आणि गप्प झाली. दुसऱ्या खेपेला मी नळी काढू लागलो तेव्हा तिचा हात पुढे आला, नळी धरायला आल्यासारखा, आणि मागे गेला.

चार वेळा घातली. चार वेळा आतून शांतता. चौथ्या वेळी नाकातून रक्ताची धार लागली. ओठ आधी जांभळे, मग राखाडी. तोंड उघडत नाही, रक्त घशात उतरतंय आणि आपल्या हातात काही नाही. प्रेमिलानं मला न विचारता मुलीला पालथं केलं. रक्त नाकातोंडातून बाहेर आलं, ऑक्सिजन लावला. मिनिटभरानं ओठांवर रंग आला. त्या एका मिनिटात मी काय केलं ते मला आठवत नाही. बहुधा उभा होतो.

विश्वनाथनं हातमोजे काढले आणि बाहेर गेला.

दाराशी पंचफुला उभी होती. 'झालं का जी?'

'नाही,' मी म्हटलं. 'नळी गेली नाही.'

तिनं दाराच्या फटीतून आत बघितलं. मग म्हणाली, 'लेकरू हाये ना पन?'

'आहे.'

'मंग ठीक हाये,' म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

३ फेब्रुवारी

जबडा इतका लहान की श्वासनळीचं तोंड पुढे आणि वर सरकलेलं असणार. पुस्तकात तसं चित्र आहे. त्यामुळे नळी मागे घसरते. दुसरं कारण नाही.

१२ फेब्रुवारी

नाकाची जखम भरेपर्यंत मुलगी वॉर्डातच आहे. आई तिला नारळपाणी आणि संत्र्याचा रस देते. काटोलकडची संत्री या वर्षी गोड आहेत.

घरी सुख आहे. इंदू हल्ली माझ्याशी बोलायचं असलं की कामं टाकून समोर येऊन बसते, माझ्या तोंडाकडे बघून बोलते. लग्न झालं तेव्हा अशी बोलली असती तर किती बरं झालं असतं! पण उशिरा का होईना. रेडिओवरून मात्र वाद होतो. मी लावला की ती येऊन बटण उलटं फिरवते. म्हणते, शेजारी विचारतात, घरात कार्य आहे का?

व्हरांड्यात चिमण्या येतात. नाचतात, चोची उघडतात, पण चिवचिवत नाहीत. मी बराच वेळ बघत बसलो. फार गोड दिसतं ते, काचेपलीकडे बघावं तसं.

१९ फेब्रुवारी

आज दुपारी दोन वाजता वॉर्डात गेलो. ती वेळ मला आवडते. भेटायला येणारे गेलेले असतात, खिडक्यांवर हिरवे पडदे ओढलेले, सगळ्या खाटांवर पाण्याखालचा उजेड. गोपिका पालथी झोपली होती, डोकं खाटेच्या कडेवरून थोडं खाली लोंबकळत. पंचफुला जमिनीवर बसून तिच्या नाकासमोर काहीतरी धरून होती. जवळ गेलो. सुताचा एक तंतू होता. इतका बारीक की आधी दिसलाच नाही. तो मुलीच्या नाकाकडे ओढला जायचा, मग बाहेर उडायचा. पुन्हा आत. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. त्या तंतूकडे बघता बघता माझाच श्वास तिच्यासारखा चालायला लागला.

'हे काय?' मी विचारलं.

पंचफुलानं घाईनं तंतू मुठीत लपवला. मग मी रागावलो नाही हे बघून बोलायला लागली. मी तिच्या शेजारी वाकून बसलो म्हणून मला नीट कळलं. 'थे उतानी निजली का जीभ मांगं पडते जी तिची. जन्मली तवापासून अशीच पालथी निजवतो. लहान होती तवा मले भेव वाटे, निजली का गेली? मंग मी सूत धरो. सूत हाललं का मी डोळा मिटो. दहा वर्स झाले.'

'रोज?'

'आवाजाचा भरवसा नाही जी. घरात चार माग चालतात, खटखट खटखट. त्यात लेकराचा श्वास काय ऐकू येते? सूत खोटं बोलत नाही.'

तेवढ्यात अंजनाबाई आया आली आणि तिच्यावर तुटून पडली. 'पुन्हा काढलं का वं थे सूत? जित्या लेकराच्या नाकाले सूत लावते का कोनी? मेलेल्याले लावतात! बाकीच्या खाटेवरच्या बाया भिऊन राह्यल्या.' खरंच आहे. आपल्याकडे माणूस गेला का ते बघायलाच नाकापुढे सूत धरतात. वॉर्डातल्या बायका पंचफुलाशी बोलेनाशा झाल्या आहेत. जिवंत पोरीची रोज मयताची परीक्षा घेणारी बाई.

मी अंजनाबाईला म्हटलं, 'राहू दे. डॉक्टरांनी सांगितलंय म्हण.' असं का बोललो मला माहीत नाही.

२८ फेब्रुवारी

प्रेमिला घरी आली होती. इंदूजवळ स्वयंपाकघरात बराच वेळ बसली. मी पाणी प्यायला गेलो तर दोघी एकदम गप्प. इंदूचे डोळे लाल होते. मुलीचं लग्न ठरत नसेल, नाहीतर घरचे विरोध करत असतील. मी मुद्दाम काही विचारलं नाही.

जाताना प्रेमिला दारात थांबली. माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, 'सर, गोपिकाच्या वेळी आपण कानाबरोबर आणखी काहीतरी ठेवू या का? खात्रीला?'

मी म्हटलं, 'तीस वर्षं मी कानावर काम केलंय.'

ती म्हणाली, 'हो सर. म्हणूनच.'

८ मार्च

विश्वनाथनं मला खोलीत बोलावलं. स्पष्ट बोलला, मित्र म्हणून. 'तेवीस तारखेला घेतो. मी चाकू हातात घेऊन उभा राहीन. एकदा, फार तर दोनदा प्रयत्न कर. ओठ जांभळे झाले की मी गळ्याला भोक पाडून नळी घालणार. तू आडवा यायचं नाही.'

गळ्याची नळी म्हणजे काय ते आम्हा दोघांना माहीत आहे. एवढ्या लहान जबड्याच्या मुलीची ती लवकर निघत नाही. उमरेडच्या त्या घरात दिवसभर सुताची कुसं उडतात. उघड्या गळ्याची मुलगी तिथे एक हिवाळा काढेल की नाही कोण जाणे.

मी पंचफुलाला सगळं सांगितलं. म्हटलं, मुंबईला माझ्याहून चांगली माणसं आहेत, चिठ्ठी देतो. ती म्हणाली, 'ममईले मले कोन वळखन जी? अन तुमाले तिचा श्वास म्हाईत झाला आता.'

मला तिचा श्वास माहीत नाही. चार वेळा कान लावून मला तो एकदाही ऐकू आलेला नाही. हे तिला सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. घाबरलो होतो. आणि खरं लिहायचं तर अजून घाबरलेलो आहे. दुपारी डोळा लागला तर स्वप्नात एक तळं आलं. गोपिका तळाशी बसून माझ्याशी बोलत होती, बुडबुडे वर येत होते, आणि मी काठावर मान हलवत होतो, समजल्यासारखी.

२२ मार्च

उन्हाळा लागला. संध्याकाळी वॉर्डात शेवटची चक्कर. गोपिकानं मला काहीतरी सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. पंचफुला म्हणाली, 'म्हनते, उद्या मले पुऱ्या खाता येतीन का?' मी म्हटलं, उद्या नाही, पण येतील. आईच्या तोंडून कळलं तरी मुलगी बघत मात्र माझ्याकडे होती.

निघताना पंचफुलानं माझ्या हातात कागदाची पुडी दिली. आत सुताचे पाच-सहा तंतू. खळ न लावलेलं, सगळ्यांत बारीक सूत, नवऱ्याकडून मुद्दाम मागवलेलं. 'मले आत येऊ देत नाही ना तुमी. मंग हे जाऊ द्या.'

मी खिशात टाकलं. तिचं मन राहावं म्हणून.

२३ मार्च

आजचं आजच लिहितो.

आठ वाजता मुलगी टेबलावर आली. ईथर दिलं, पालथं नाही पण कुशीवर, जीभ मागे पडू नये म्हणून. हे फेब्रुवारीतच सुचायला हवं होतं. ती झोपली. विश्वनाथ माझ्या डाव्या हाताला, चाकू झाकलेल्या ट्रेमध्ये. मला तो दिसत नव्हता पण तो तिथे आहे हे मला पूर्ण वेळ माहीत होतं.

प्रेमिलानं चिमटीत धागा धरल्याची खूण करत विचारलं, 'सर, सूत?' तिला कसं कळलं मला ठाऊक नाही, पंचफुलानं सांगितलं असणार. मी पुडी दिली. तिनं चिकटपट्टीचा बारीक तुकडा कापून एक तंतू नळीच्या बाहेरच्या तोंडाला असा लावला की टोक मोकळं, अधांतरी. विश्वनाथ मोठ्यानं म्हणाला, 'हे काय गा, मयताचं सामान थेटरात?' कोणी हसलं नाही. तोही नाही.

नळी नाकात सरकवली. कान जवळ नेला. नुसतं एकसारखं वाजणं, बारीक, धातूसारखं. मी म्हटलं, 'पंखा बंद करा.' कोणी हललं नाही. मी जरा जोरात म्हटलं, 'पंखा बंद करा, मला ऐकू येत नाही!' विश्वनाथनं प्रेमिलाकडे बघितलं. ती अगदी माझ्यासमोर येऊन, मास्क खाली ओढून म्हणाली, 'पंखा बंदच आहे, सर.' वर बघितलं. पाती स्थिर होती. दुसरीकडे कुठे मोटार चालू असेल.

मग मी कान बाजूला केला. ठरवून केला असं नाही. वाकून वाकून मान अवघडली होती, सरळ झालो आणि तंतू डोळ्यांसमोर आला.

तो हलत होता. किंचित. आत, बाहेर. मी नळी गव्हाएवढी पुढे नेली. तंतू जोरात आत ओढला गेला, बाहेर फेकला गेला. आणखी पुढे. थांबला. मेलेला, सरळ खाली. फेब्रुवारीत इथेच मी सगळी नळी ओढून काढली असती. पण तंतू डोळ्यांसमोर होता, जेवढी चूक झाली तेवढीच मागे घेता येत होती. गव्हाएवढी मागे घेतली. हलला. मुलीची हनुवटी प्रेमिलानं उचलली, मी मान थोडी उजवीकडे केली. तंतूनं उडी घेतली. तो आत जाताना मी पुढे गेलो, बाहेर येताना थांबलो. आत, पुढे. बाहेर, थांब. किती वेळ हे चाललं? प्रेमिला म्हणते पाऊण मिनिट. मला ती सगळी दुपार वाटली. खोली, माणसं, चाकू, काही नव्हतं. पाण्याखालच्या उजेडात एक तंतू आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी ती पोरगी, मला वाट दाखवत पुढे पुढे जाणारी. मला रडू येत होतं आणि हात मात्र अजिबात हलत नव्हते.

एकदा ती आत खोकली, नळीसकट. तंतू सरळ छताकडे उभा राहिला. मग आडवा झाला आणि खालीवर, खालीवर, मोठा, मोकळा. पोचलो.

मी मान वर केली. सगळ्यांचे चेहरे आधीच सैल झालेले. विश्वनाथनं ट्रेवरचा हात काढला होता. सिस्टरचे डोळे हसत होते. त्यांना कसं कळलं? त्यांच्या जागेवरून तंतू दिसणं शक्यच नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरून कळलं असेल.

ऑपरेशन तीन तास चाललं. दोन्ही बाजूंची हाडं सुटली. विश्वनाथनं दातांमध्ये बोटं घालून जबडा उघडला तेव्हा दहा वर्षं बंद असलेलं तोंड आतून गुलाबी आणि ओलं दिसलं, नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं असतं तसं.

बाहेर आलो. पंचफुला उभी होती. मी म्हटलं, 'झालं.' तिनं माझ्याकडे नाही, माझ्या मागे दाराकडे बघितलं आणि म्हणाली, 'मी जाऊ आत?'

२६ मार्च

गोपिकानं चमच्यानं शिरा खाल्ला. चमचा तोंडात गेला याचंच तिला इतकं नवल की ती तो बाहेर काढून बघत होती. लाकडी पट्ट्या दातांमध्ये धरून रोज जबडा उघडायचा, एकेक पट्टी वाढवत. दुखतं. रडते, पण करते. अंजनाबाई शेजारी बसून मोजते.

दोन खाटा पलीकडे आणखी एक तशीच मुलगी आली आहे, भंडाऱ्याकडची, सात वर्षांची. विश्वनाथ म्हणतो, आता तुझा हात बसला. मीही तसंच म्हणालो. तिची केस मंगळवारी, तेरा एप्रिलला.

११ एप्रिल

आज रविवार. कोणी बोलावलं नव्हतं, तरी वॉर्डात गेलो.

शालिकराम काल उमरेडहून येऊन गेला, त्यानं मुलीसाठी बाजारातून पत्र्याची शिट्टी आणली होती. तोंडात धरायची वस्तू हवी, एवढंच त्याला समजलं असणार. मला बघून गोपिकानं शिट्टी दातांत घट्ट धरली, डोळे मिटले, गाल फुगवले.

पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. भंडाऱ्याची मुलगी दचकून उठून बसली. सिस्टर धावत आली, 'अगं, हा दवाखाना आहे!' म्हणत असावी. पंचफुला पदर तोंडाला लावून हसत होती. सगळे हसत होते म्हणून मीही हसलो.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. फक्त रातकिडे.

मी म्हटलं, 'पुन्हा वाजव.' तिनं वाजवली. मी तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर होतो. मेंदीचं कुंपण तिथून दोन मैलांवर, आणि रातकिडे माझ्या डोक्यात गात होते. स्ट्रेप्टोमायसिननं कान जातात हे मी इतरांना सांगत आलोय.

मी खाटेच्या कडेवर बसलो. इंदूनं समोर येऊन बसणं, प्रेमिलानं एकेक शब्द वेगळा करणं, बंद असलेला पंखा, थेटरातले ते आधीच सैल झालेले चेहरे. त्यांनी सगळ्यांनी त्या दिवशी नळीतून येणारा श्वास ऐकला होता. एकट्या मलाच ऐकू आला नव्हता. आणि दोन फेब्रुवारीला प्रेमिला मास्कच्या मागे काय म्हणाली असेल ते आज, सव्वादोन महिन्यांनी, मला समजलं. सर, बरोबर आहे. काढू नका.

पहिल्याच खेपेला नळी जागेवर गेली होती. चारही वेळा गेली असेल. मी ती चार वेळा ओढून काढली, एका जिवंत मुलीच्या नाकातून, पुस्तकातलं चित्र तोंडपाठ म्हणत.

पंचफुलाला मी तिथेच सांगितलं. मोठ्यानं बोललो की हळू, मला कळत नव्हतं. वॉर्ड गप्प झाल्यासारखा दिसला. 'मागच्या वेळी नळी बरोबर गेली होती. मला ऐकू येत नाही, पंचफुलाबाई. मला माहीत नव्हतं. तुमची मुलगी माझ्यामुळे मरत होती.'

तिचं हसू गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या ओठांवरून मला कळलं ते एवढंच, 'माह्या लेकराचं रगत...' आणि पुढचं तिनं मान फिरवून म्हटलं. ते मला दिसलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. तिला रागवायचा हक्क होता.

विश्वनाथच्या घरी संध्याकाळी जाऊन आलो. तेरा तारखेची नळी प्रेमिला घालेल. मी नुसता तंतूकडे बघायला उभा राहीन, ती उभं राहू देणार असेल तर. विश्वनाथनं टेबलावरचा एक कागद ओढला. त्यावर त्यानं लिहिलं, 'प्रेमिलानं मला सांगितलं होतं. माझा विश्वास बसला नाही.' मी तो कागद घडी करून इंदूला दाखवायला घेऊन आलो.

पण लिहायचं आहे ते वेगळंच. मी वॉर्डातून निघालो तेव्हा माझी बाही मागून कोणीतरी ओढली. गोपिका खाटेवरून उतरून आली होती. काहीतरी बोलली. मी मान हलवली नाही. म्हटलं, 'मला समजलं नाही.' तिनं आईकडे बघितलं. आई पाठमोरी होती. मग तिनं पुन्हा सांगितलं, न चिडता, हात हलवत. आजवर तिला 'पुन्हा बोल' म्हणणाऱ्या प्रत्येक माणसानं खोट तिच्या तोंडात आहे असं धरलं होतं. मी म्हटलं, 'तुझं बरोबर आहे, बाळ. माझा कान बिघडलाय.'

ती माझ्याकडे बघत राहिली. मग टाचा उंचावून माझ्या अगदी समोर आली आणि तोंड उघडलं, पूर्ण, दुखत असूनही, दोन बोटं जातील एवढं. मला ओठ दिसावेत म्हणून एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, 'आमी. उद्या. घरी. जातो.'

मी म्हटलं, 'समजलं.'